तांदळाची दारू आणि दादाची जीभ

मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा हेवा वाटला. थोडाथोडका नाही, ताटातला घास घशाखाली उतरू नये इतका. हे लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दादाची शाळा चौथीत सुटली, आणि ती माझ्यासाठी सुटली. दोघांपैकी एकाने शिकायचं आणि एकाने औत धरायचं, असं आबांनी ठरवलं, आणि दादाने काही न बोलता औत धरलं. तेव्हा हेवा वाटायचाच होता तर तो त्याला माझा वाटायला हवा होता. झालं उलटं, आणि तेही एका परदेशी दारूवरून.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या महिनाभराच्या सुटीत मी सुरतेच्या कॉलेजातून नंदुरबारजवळच्या रनाळ्याला घरी आलो होतो. त्या हंगामात नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घ्यायला एक जपानी साहेब येऊन राहिला होता. जिनाच्या आवारातच त्याला दोन खोल्या दिल्या होत्या. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदुस्थानीचे दहा-बारा शब्द येत होते, बाकी सगळं इंग्रजीत. त्याचा दुभाषी कारकून तापाने अंथरुणाला खिळला. जिनाच्या मॅनेजरने आबांना निरोप पाठवला, की तुमचा मुलगा इंग्रजी शिकतोय ना, सुटीपुरता पाठवा. आबांनी तो निरोप पारावर बसलेल्या प्रत्येकाला दोन-दोनदा ऐकवला.

साहेब चाळिशीचा असेल. अंगाने बारीक, बोलणं हळू. कापसाच्या ढिगात हात घालून मूठभर कापूस काढायचा, सरकी सोडवायचा, दोन्ही अंगठ्यांत धागे ओढून ओढून लांबी बघायचा आणि मान हलवायचा. शेतकरी काय म्हणतो ते मी त्याला इंग्रजीत सांगायचो आणि त्याचं शेतकऱ्याला मराठीत. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मला म्हणाला, पुढच्या हंगामापासून मला इथला एक माणूस बरोबर हवा आहे. चार महिने माझ्याबरोबर गावोगाव कापूस बघायचा. काम पसंत पडलं तर पुढे मुंबईच्या ऑफिसात.

ते ऐकलं आणि ती जागा मी मनातल्या मनात घेऊनही टाकली. त्याचं कारण इथे खरं सांगायला हवं. मला सुरतेला परत जायचं नव्हतं. वसतिगृहात माझ्या तोंडून चुकून ‘आहे’च्या जागी आमच्या अहिराणीतलं ‘शे’ निघालं, की मुलं दिवसभर ‘शे शे’ करत माझ्या मागे फिरत. वर्गात मी बाकावरून उठून उत्तर देत नसे. इंटरच्या परीक्षेत नापास होणार, असं मला जवळजवळ ठाऊक होतं. पण नापास होऊन घरी येणं वेगळं आणि साहेबाचा माणूस होऊन येणं वेगळं. दुसऱ्या वाटेने मला आबांच्या समोर उभं राहता आलं असतं. घरी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी जिन बंद असे. पहिल्या रविवारी दुपारी साहेबाने मला खोलीत बोलावलं. जमिनीवर चटई होती. कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेली एक मोठी बाटली होती. त्याने चिनी मातीच्या एका लहान सुरईत त्यातलं थोडं ओतलं आणि ती सुरई गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली. “साके,” तो म्हणाला. “माझ्या गावची. आमच्या घराच्या मागेच ती करतात. एकट्याने प्यायची नसते.” मग त्याने वाटाण्यासारखी गुळगुळीत, एवढीशी पेली माझ्या हातात दिली.

मी दारू कधी प्यायलो नव्हतो. आमच्या घरात दारूचं नाव काढत नसत. पण नाही म्हटलं तर जागा जाईल, असं वाटलं. मी डोळे मिटून ती औषधासारखी गिळून टाकली.

“काय लागलं?” साहेबाने विचारलं.

“चांगली आहे.”

“ते नाही. जिभेला काय लागलं?”

गरम होती, एवढंच समजलं होतं. “फार चांगली आहे,” मी पुन्हा म्हणालो. साहेब हसला, पण त्याने माझी पेली परत भरली नाही.

त्याच्यासाठी मी आईकडून डबा करून आणला होता. परदेशी पाहुणा म्हणून आईने घरातले जुने तांदूळ काढले होते, वर तुपाची धार, बाजूला साखर. आमच्याकडे रोज भाकरी. भात होतो तो सणाला किंवा जावयाला. साहेबाने डबा उघडला, वाकून वास घेतला, आणि अदबीने झाकण लावून बाजूला ठेवला. मला वाटलं, तूप आवडलं नसेल. तो म्हणाला, “ही दारू तांदळाचीच आहे. तांदळावर तांदूळ खात नाहीत. भात शेवटी, पेली उपडी केल्यावर.” मग त्याने बडीशेपेच्या डबीत जपून ठेवलेलं एक सुकं, खारट, आंबट फळ काढलं, त्याचा कण कण तोडून जिभेवर ठेवला आणि त्याच्यावर घोट घेतला. ते शेवटचं फळ होतं. “या बाटलीला इथे सोबत मिळत नाही,” तो म्हणाला. मला ते मनाला लागलं. मी त्याला सोबतच द्यायला बसलो होतो.

दुसऱ्या रविवारी आमच्या कापसाची गाडी घेऊन दादा आला. सोमवारी पहाटे रांगेत नंबर लागावा म्हणून आदल्या दिवशीच गाड्या आवारात सोडत. बैल सोडून तो साहेबाच्या पडवीसमोरच्या लिंबाखाली भाकरी खायला बसला. साहेब दारात उभा होता. त्याने फडक्यातल्या भाकरीकडे बोट दाखवलं. कळण्याची भाकरी, काळसर. ज्वारीत उडीद दळून केलेली. दादाने लगेच अर्धी मोडून पुढे केली.

“दादा, तो साहेब शे,” मी हळूच म्हणालो.

“मंग? साहेबले भूक नही लागस का?”

साहेबाने भाकरी खाल्ली आणि दादाला आत चल अशी खूण केली. दादाने पाय धुतले आणि चटईवर मांडी घालून बसला, जणू तो कायम तिथेच बसत आला होता. मला त्या मांडीचाच राग आला. मी आठवडाभर तिथे गुडघे जवळ घेऊन बसत होतो.

दादाला पेली दिली. त्याने ती प्यायली नाही. तळहातात धरून फिरवली, नाकाशी नेली, परत खाली घेतली. मग बोट बुडवून दोन थेंब चटईच्या बाहेर जमिनीवर टाकले. हे मी ओळखलं. डोंगरातली माणसं मोहाची दारू पिण्याआधी असे थेंब टाकतात, आपल्या मेलेल्या माणसांसाठी. दादा दर वर्षी गोऱ्हे घ्यायला डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला जायचा आणि तीन-तीन दिवस यायचा नाही. आबा विचारत नसत. आई विचारायची आणि रडायची. मलाही माहीत होतं, पण कॉलेजात गेलेल्या भावाने अशी गोष्ट माहीत असल्याचं दाखवायचं नसतं. साहेबासमोर त्याने ते केलं आणि माझे कान तापले.

दादाने छोटा घोट घेतला. तोंडात धरला. गाल जरा हलले. मग गिळला आणि नाकाने श्वास सोडला.

“ही चढायेल नही शे,” तो मला म्हणाला.

“म्हणजे?”

“मोहानी कशी, मडकामा उकळतस, वाफ धरतस, नळीवाटे थेंब थेंब पाडतस. हाई तशी नही. हाई नुसती आंबाडेल शे आनि गाळेल शे. तांदूयनी शे. पन तांदूय घासी घासी बारीक करेल शे, वरना कोंडा जराबी नही ऱ्हाऊ दिधा. त्याले इचार.”

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबाचा हात सुरईवर होता, तो तिथेच राहिला. “तुमच्या भावाने ही आधी कुठे प्यायली?”

“कुठेच नाही.”

“तांदूळ घासलेला आहे, हे कसं कळलं?”

दादा म्हणाला, “घोट गियावर मांगे काहीच नही ऱ्हास. कोंडा ऱ्हायता ते जीभले खरखर लागती.”

साहेब मोठ्याने हसला. त्याला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याने दादाची पेली भरली. मग माझी. माझी नंतर.

मग साहेबाने तोच जुना प्रश्न काढला, याच्याबरोबर खायचं काय? दादाच्या फडक्यात मिरचीचा ठेचा होता. साहेबाने तो घ्यायला बोट पुढे केलं तर दादाने फडकंच मागे ओढलं. “नको नको! मिरची इले मारी टाकी. ती मोहावर चालस. मोहा रेडा शे, त्याले मारा तरी उभा ऱ्हास. हाई बिचारी गाय शे.” मी हे भाषांतर केलं तेव्हा साहेबाने खिशातून वही काढून लिहून घेतलं. माझं एकही वाक्य त्याने कधी वहीत लिहिलं नव्हतं.

दादा उठून बाहेर गेला. जिनाच्या बॉयलरवाल्याशी त्याची ओळख कधी झाली, देव जाणे. बंद बॉयलरात राखून ठेवलेल्या विस्तवातले निखारे फावड्यावर घेऊन तो परत आला. आठवडी बाजारातून घेतलेले सुके बोंबील त्याच्या गाडीत होते. आई घरात भाजू देत नाही म्हणून तो ते वाटेत खायचा. दोन बोंबील त्याने निखाऱ्यांवर टाकले, कडा वळायला लागल्या की उलटवले, झटकले, हातानेच चिरून साहेबापुढे ठेवले. तेल नाही, तिखट नाही. साहेबाने एक तुकडा खाल्ला आणि गरम साके घेतली. मग नाक पुसलं. “माझी आई असाच मासा भाजते,” तो म्हणाला. हे दादाला सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं.

त्यानंतर दोघांचा खेळच सुरू झाला. दादाने गाडीतून ज्वारीची हिरवी कणसं आणली, निखाऱ्यात भाजली, चोळून हुरडा दिला आणि साहेबाला खुणेने सांगितलं की ह्याच्यावर गरम नको, गार घे. साहेबाने तसं करून पाहिलं आणि मान हलवली, कापूस पसंत पडल्यावर हलवायचा तशीच. गोड हुरड्यावर गार साके आंबूस लागते आणि खारट बोंबलावर गरम साके गोड लागते, असं तो मला समजावून सांगू लागला. “बघा घेऊन.” मी घेतली. मला दोन्ही सारखीच लागली. मी म्हणालो, “हो, खरंच.” दादा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असणार.

त्या आठवड्यात मला जेवण जाईना. मनात एकच घोळत होतं: ज्या गोष्टीची आम्ही घरात लाज बाळगली, तीच याच्या कामाला यावी? मी दारूला शिवलो नाही, पुस्तकं वाचली, दिव्याखाली डोळे फोडले, आणि माझ्या जिभेला काहीच येऊ नये? बुधवारी मी बाजारात जाऊन स्वतः बोंबील घेतले. तिसऱ्या रविवारी साहेबासाठी भाजले. बाहेरून कोळसा आणि आत चिवट. साहेबाने सगळे खाल्ले, एक काटाही टाकला नाही. नंतर रुमालाने तोंड पुसत विचारलं, “तुमचे बंधू आज येणार का?”

चौथ्या रविवारी दादा आला. साहेबानेच गाडीवाल्यांकडून निरोप पाठवला होता. त्या दिवशी त्याने दारू आधी काढली नाही. पाच ढिगांतला कापूस चटईवर मांडला आणि दादाला हातात घ्यायला सांगितलं. दादाने एकेक मूठ घेतली, ओढली, एका मुठीचा वास घेतला. “हाऊ पानीना शिडकाव मारेल शे, वजन वाढावाले. आनि हाऊ दोन वावरना कापूस एकजागे करेल शे.” साहेबाने आधीच वहीत लिहून ठेवलेलं पान मला दाखवलं. तेच होतं.

मग साहेब ताठ बसला आणि मला म्हणाला, “त्यांना सांगा. ज्या माणसाची जीभ खोटं बोलत नाही, त्याचा हातही खोटं बोलत नाही. मला ते बरोबर हवेत. फक्त चार महिने, कार्तिकापासून. बाकीचं वर्ष त्यांनी शेतीच बघावी.”

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगितलं तेव्हा दादाशी नेहमी बोलतो तसं बोललोच नाही, शाळेतलं मराठी बोललो.

“साहेब विचारतात, शेती सोडून त्यांच्या नोकरीत येशील का?”

एवढंच. चार महिने मी गाळले. जीभ, हात, सगळं गाळलं.

दादा हसला. “वावर सोडीसन? आबा एकला काय करी? नही भाऊ. त्याले सांग, मन्हाकडथीन राम राम.”

“त्यांना शेती सोडवत नाही,” मी साहेबाला सांगितलं. वाक्य इंग्रजीत अगदी बिनचूक होतं.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे. आमच्या बाजारात कापसाचा भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. साहेब ही रीत पहिल्याच महिन्यात शिकला होता. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, दादाच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. पंचा जरा हलला.

“महीना,” साहेब म्हणाला. त्याच्या दहा-बारा शब्दांपैकी एक.

दादाच्या भुवया वर गेल्या. “चार? चारच महिना?” त्याने माझ्याकडे मान वळवली. मी चटईच्या काड्या मोजत होतो. पंचा पुन्हा हलला. या वेळी बोटं दादाची होती, तीही चार.

साहेबाने पंचा काढून घेतला, तीन पेल्या भरल्या. माझ्यापुढे पेली ठेवताना म्हणाला, “तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दिवस कलायला आम्ही निघालो. गाडी रिकामी होती, चाकं खडखडत होती. नंदुरबार मागे पडलं. मी तयारी करून ठेवली होती: विसरलो, घाईत राहून गेलं, साहेबच नीट बोलला नाही.

“चार महिना तू कसाले खाई टाकात?” त्याने विचारलं.

मी फळीवरचा कापसाचा एक पुंजका उचलून बोटांत ओढू लागलो.

“मी तठे गया ते तुन्हं काय जाई? तू ते साहेब व्हशीच.”

मग मी सांगितलं. त्याच्याकडे न बघता, बैलांच्या शेपट्यांकडे बघत सांगितलं. ती जागा मला हवी होती. सुरतेला मला जायचं नाही. मुलं हसतात. वर्गात काही कळत नाही. मी नापास होणार आहे. आणि हेही सांगितलं, की तुझा मला हेवा वाटतो, पहिल्या दिवशी तू मांडी घातलीस तेव्हापासून.

दादाने गाडी थांबवली. मला वाटलं, आता खाली उतरवतो. त्याने मला उतरवलं नाही. बैलांनी वाटेकडेचं गवत खायला सुरुवात केली.

“मन्हा हेवा?” तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं. “आनि मी बारा वरीसथीन तुन्हा करी ऱ्हायनू, त्यानं काय?”

मी बैलांवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

“आयक. ती जागा मी नही सोडाव. तुन्हासाठे एक डाव सोडी, आते नही. शाळा सोडी तधळ मी नऊ वरीसना व्हतू, मले कोनी इचारं नही. ह्या साहेबनी इचारं.” त्याने कासरा ओढून बैलांची तोंडं गवतातून काढली. “आनि तू सुरतले जाशी. पास व्हय नही ते नापास व्हय. नापास व्हयना ते आबाले मी सांगसू. पन हसतस म्हनीसन पळी येऊ नको. हसू दे भडव्यास्ले.”

“आणि मी चार महिने लपवले, ते आबांना सांगशील?”

“ते तू सांग. मले इचारं ते मी खरंच सांगसू. मन्ही जीभ ते खोटी नही ना, साहेब म्हने?”

हे त्याला कुणी सांगितलं? मी तर ते वाक्य गाळलं होतं. मी तसं विचारलंही. तो म्हणाला, साहेब बोलताना आधी आपल्या जिभेला बोट लावत होता, मग हाताला, आणि बघत तुझ्याकडे नाही, माझ्याकडे होता. एवढं समजायला इंग्रजी कशाला लागतं?

त्याने कासरा माझ्या हातात दिला, पागोटं सोडून उशाला घेतलं आणि गाडीच्या फळीवर आडवा झाला. वेशीच्या अलीकडेच तो घोरायला लागला. मी गाडी हाकत राहिलो. आबा दारात वाट बघत असणार होते आणि सांगायचं मलाच होतं. मागे तो तोंड उघडं टाकून निवांत झोपला होता, आणि त्याच्या त्या झोपेचाही मला हेवा वाटत होता.